असील म्हणजे अस्सल

मराठी पानासाठी पालकांनीही लिहावे असे शाळेकडून कळले, तेव्हा मी चिरंजीवांना फोनवर सांगितले की मी कोंबड्यांवर लिहिणार आहे. पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूच आवाज आला, "आई, दुसरं काही नाही का? बाबांच्या पोस्टिंगवर लिही ना." बाबांच्या पोस्टिंगवर बाबा लिहितील. गेली आठ वर्षे पहाटे पाचला उठून खुराड्याचे दार मी उघडते आहे. मला जे ठाऊक आहे त्यावरच मी लिहिणार.

आम्ही चेन्नईला राहतो. सुभेदारसाहेबांची (म्हणजे आमच्या ह्यांची) शेवटची पोस्टिंग सेंट थॉमस माउंटला होती, अधिकारी प्रशिक्षण अकादमीत. निवृत्त झाल्यावर तिथेच नोकरी मिळाली आणि आम्ही शहराच्या कडेला कुंद्रत्तूरला अंगण असलेले एक जुने घर भाड्याने घेतले. कुंद्रत्तूरच्या टेकडीवर मुरुगनचे देऊळ आहे. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी, देवांचा सेनापती, आणि त्याच्या ध्वजावर कोंबडा असतो. हे सांगितल्यावर चिरंजीवांचा विरोध थोडा मावळला. सेनापतीच्या निशाणावर बसतो तो पक्षी शाळेच्या मासिकात बसायला हरकत नसावी.

आमच्याकडे असील जातीच्या कोंबड्या आहेत. 'असील' हा शब्द अरबीतून आला, खानदानी किंवा शुद्ध कुळीचा अशा अर्थाने. आपला 'अस्सल' त्याच मुळाचा. शब्दाचा अर्थच शुद्ध असूनही या नावाखाली जितकी भेसळ चालते तितकी क्वचितच कुठे चालत असेल. पल्लावरमला दर शुक्रवारी मोठा बाजार भरतो. जुन्या पंख्यांपासून कबुतरांपर्यंत तिथे सगळे मिळते. "असील आहे का?" असे विचारलेत तर दहा जण पिंजरे पुढे करतील. उंच मान आणि लांब पाय दिसले की झाला असील. असील जात दुर्मीळ आहे का, याचे उत्तर म्हणून मी असे देते की नाव मुबलक आहे, पक्षी थोडा आहे.

मला तो खरा पक्षी दाखवला शेजारच्या ताताने. तमिळमध्ये आजोबांना ताता म्हणतात. वय ऐंशीच्या घरात, अंगावर पांढरे वेष्टी, आणि दारात चार डालग्यांखाली चार कोंबडे. चार डालगी अशासाठी की असीलचे दोन नर एकत्र सोडले तर संध्याकाळी एकच उरतो. पिल्ले महिन्या-दीड महिन्याची झाली की तेव्हापासूनच एकमेकांच्या अंगावर धावायला लागतात. पण माणसाच्या हातात हाच पक्षी मांजरासारखा निवांत बसतो. तातांनी पहिल्या दिवशी एक कोंबडा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अम्मा, डोळे मीट. आधी हाताने बघ, रंग मागून बघायचा."

डोळे मिटून काय कळले ते मी त्या रात्री वहीत लिहिले. आकाराच्या मानाने पक्षी भलताच जड. मूठ आवळावी तसे अंग. पिसे आखूड, कडक आणि अंगाला घट्ट चिकटलेली. इतकी कमी की छातीच्या हाडावर बोट फिरवले तर उघडी कातडीच लागते. मग डोळे उघडून पाहायच्या गोष्टी. तुरा उभ्या पात्याचा नको. डोक्यावर दाण्यांच्या तीन बुटक्या ओळी हव्यात, मधली जरा उंच, मटाराच्या शेंगेसारख्या. गळ्याखाली लोंबत्या पाळ्या जवळपास नाहीतच. चोच आखूड, जाड, किंचित वळलेली. डोळा मोतिया. खांदे रुंद, पाठ मागे उतरती, शेपटी जमिनीकडे झुकलेली. पायाची नळी जाड. पूर्ण वाढलेला नर ४ ते ५ किलोचा, मादी ३ ते ४. आणि या सगळ्याच्या खाली तातांनी मुद्दाम लिहायला लावलेले एक वाक्य : मालकाला चोच मारणारा असील ठेवायचा नाही.

अशा वर्णनाला जातीचे मानक म्हणतात. परदेशात ते छापील असते. तातांचे डोक्यात होते, माझे वहीत आहे.

इतिहासाबद्दल थोडे सांगते, कारण त्यात एक गोष्ट तुम्हा मुलांना नक्की आवडेल. इंग्लंडमध्ये १८३५ साली कायद्याने कोंबड्यांच्या झुंजी बंद झाल्या. लोकांचा कोंबड्यांचा षोक काही कायद्याने बंद झाला नाही. तो प्रदर्शनांकडे वळला. मग प्रश्न आला, झुंजीत जिंकतो तो चांगला हे ठीक होते, आता टेबलावर ठेवलेल्या पिंजऱ्यातला चांगला कोण हे कशावरून ठरवायचे? १८६५ साली तिथल्या पोल्ट्री क्लबने पहिले लेखी मानक छापले. त्याचे संपादन टेगेटमायर नावाच्या गृहस्थांनी केले होते. हेच टेगेटमायर चार्ल्स डार्विनला कबुतरांची आणि कोंबड्यांची माहिती पुरवत असत. अमेरिकेतले मानक १८७४ चे. त्याच काळात कॉर्नवॉल परगण्यात भारतातून नेलेल्या असीलचा तिथल्या लढाऊ कोंबड्यांशी संकर करून 'इंडियन गेम' नावाची जात तयार झाली. त्याचे श्रेय सर वॉल्टर गिल्बर्ट या सेनापतीला देतात. दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धात जो होता तोच हा गिल्बर्ट. पुढे याच जातीला कॉर्निश म्हणू लागले, आणि आजचा पांढरा ब्रॉयलर मुळात कॉर्निश आणि प्लिमथ रॉक यांच्या संकरातून आला. म्हणजे तुमच्या मेसमध्ये रविवारी ज्या रश्श्यावर तुम्ही तुटून पडता, त्यातल्या छातीच्या मांसात कुठेतरी असीलचा अंश आहे. युरोपातले हौशी लोक असीलच्या एका मोठ्या, उंच प्रकाराला अजूनही 'मद्रास' म्हणतात. शहराचे नाव बदलले, कोंबड्याचे राहिले.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे गुन्हा आहे. तरी पोंगल आणि संक्रांतीच्या आसपास काय चालते ते सगळ्यांना माहीत आहे. तरुणपणी ताता स्वतः मदुराईकडच्या झुंजींना जात असत. ते लपवत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की पूर्वी पायाला काही न बांधता झुंज होई. दमदार, निरोगी आणि न डगमगणारा पक्षी टिके आणि त्याचीच पिल्ले पुढे ठेवली जात. नंतर पायाला सुरी बांधायची पद्धत आली. मग कोण आधी उडाला, कुणाची सुरी कुठे लागली, यावर निकाल लागू लागला. भिकार पक्षीही जिंकू लागले आणि त्यांचीच पैदास झाली. "सुरीने कोंबडे मारले ते मारले, जातसुद्धा मारली," असे ते म्हणाले होते. झुंजीचे समर्थन मी करणार नाही, कुठलीच. पण त्यांच्या बोलण्यातले एक मला पटले. आजवर पक्षी निवडायचे काम रिंगण करत होते. ते बंद करायचे, आणि केलेच पाहिजे, तर निवडायचे काम पाळणाऱ्याने अंगावर घ्यायला हवे. कुणीच निवडले नाही तर चार-पाच पिढ्यांत असीलची साधी गावठी कोंबडी होते.

तमिळनाडूत यातून एक वाट निघाली आहे. किळीमूक्कू म्हणजे पोपटचोची असील, लांब शेपटीचे. त्यांची प्रदर्शने भरतात. झुंज नाही, नुसते रूप पाहतात आणि बक्षीस देतात. मी आणि ताता अशा एका प्रदर्शनाला गेलो होतो. लोक पोटच्या पोरासारखे पक्षी आंघोळ घालून आणतात. बघून बरे वाटले. पण तिथेच एका बक्षीसपात्र कोंबड्याची चोच इतकी वळलेली होती की सिमेंटवर टाकलेला दाणा त्याला टिपता येईना. मालक त्याला वाटीतून भरवत होता आणि कौतुकाने सांगत होता. मला ते मुळीच आवडले नाही. चोच वळलेली हवी हे मानकात असते, पण चोच खाण्यासाठी असते हे कुणी मानकात लिहीत नाही, कारण ते लिहावे लागेल असे कुणाला वाटलेले नसते. तेव्हापासून माझ्या वहीत पहिल्या ओळीवर 'चरतो का, धावतो का, अंड्यांवर नीट बसते का' हे आहे, आणि तुरा, डोळा वगैरे त्याच्या खाली.

मी एवढी मागे का लागले, हे सांगायला माहेरचा विषय काढावा लागेल.

माझे माहेर नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यात. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो नवापूरला. तिथे मोठमोठे पोल्ट्री फार्म होते, अजूनही आहेत. रोग पसरू नये म्हणून त्या परिसरातले लाखो पक्षी मारावे लागले. फार्मवरचे तर मारलेच, घरोघरच्या कोंबड्याही. आमच्या आईच्या चौदा होत्या. पांढरे अंगरखे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा अशी माणसे आली. आईने स्वतः एकेक पकडून दिली, कारण त्यांच्या हातात त्या येईनात. ते करणे भाग होते, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. भरपाईही मिळाली. पुढे वर्षभराने फार्म पुन्हा भरले. हॅचरीतून हजारो पिल्लांचे ट्रक आले की फार्म भरतो. आईच्या कोंबड्या मात्र कुठल्या हॅचरीत नव्हत्या. त्या तिच्या आईकडून तिला आणि तिच्या आजीकडून तिच्या आईला आलेल्या.

आम्ही त्यांना नुसत्या गावठी म्हणायचो. कितीतरी वर्षांनी, चेन्नईत बसून, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोची देशी कोंबड्यांच्या जातींची यादी पाहताना 'बुसरा' हे नाव वाचले. प्रदेश गुजरात आणि महाराष्ट्र. नंदुरबारकडचा भाग. लहान बांधा, जेमतेम किलोभर वजन, बहुतेक अंग पांढरे, मान-पाठ-शेपटीवर काळी पिसे. मी वाचतच राहिले. त्या चौदांपैकी निदान पाच-सहा तरी अगदी अशाच होत्या. आमच्या अंगणात एक नोंदलेली जात चरत होती आणि ती गेल्यावर तिचे नाव मला कळले. म्हणून तातांनी २०१७ साली पहिल्या जोड्या देताना "वही ठेवशील का?" असे विचारले, तेव्हा मी लगेच हो म्हटले.

आता वहीत काय असते ते सांगते. पिल्लू अंड्यातून निघाले की पहिल्याच दिवशी त्याच्या बोटांमधल्या पडद्याला सुईने टोचल्यासारखे बारीक भोक पाडायचे. दोन पायांचे मिळून चार पडदे. प्रत्येकाला भोक आहे किंवा नाही, म्हणजे सोळा प्रकारच्या खुणा होतात. कुठले पिल्लू कुठल्या आई-बापाचे ते मोठेपणीही कळते. सातव्या दिवशी राणीखेत रोगाच्या लशीचा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्यात त्याच रोगाचे इंजेक्शन. ज्या राणीखेतला कुमाऊँ रेजिमेंटचे केंद्र आहे, त्याच गावाचे नाव या रोगाला पडले आहे. आपल्याकडे याला मानमोडी म्हणतात. लस चुकली तर एका आठवड्यात खुराडे रिकामे. 'देशी कोंबडी आहे, तिला काही होत नाही' असे म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात. एकदा तीन पिल्ले एका रात्रीत गेली, तेव्हा मी मेलेले पिल्लू पिशवीत घालून बसने वेपेरीला मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. १९०३ सालचे कॉलेज आहे ते. तिथल्या डॉक्टरांनी ते कापून पाहिले आणि रोग नाही, उष्मा आहे, असे सांगितले. मे महिना होता, इकडे त्या दिवसांना अग्नी नक्षत्रम म्हणतात. तेव्हापासून मे महिन्यात खुराड्यावर ओली पोती आणि दुपारी पातळ ताक.

पण हे सगळे सांभाळणे झाले. खरे अवघड काम निवडीचे.

आमच्याकडे एक नर होता, त्याला सुभेदारसाहेबांनी 'पहिलवान' असे नाव ठेवले होते. ४ किलो ८०० ग्रॅम. वहीतल्या प्रत्येक ओळीवर खूण करावी असा. ताताही त्याच्यासमोर उभे राहून मान डोलावत. त्याच्या पहिल्या नऊ पिल्लांपैकी दोघांच्या डोक्यावर उभा, एकेरी, करवतीच्या पात्यासारखा तुरा निघाला. जीवशास्त्राच्या वर्गात तुम्ही पनेटचा चौकोन काढता ना? त्या पनेटने आणि त्याच्या सहकारी बेटसनने कोंबड्यांच्या तुऱ्यांवरही काम केले होते. मटारतुरा वरचढ, एकेरी तुरा दबलेला. आई-बाप दोघेही मटारतुऱ्याचे असून पिल्लाला एकेरी तुरा आला, तर दोघांच्याही रक्तात तो लपून बसला आहे. म्हणजे मागे कधीतरी भेसळ झाली आहे. पहिलवान बाद.

घरात त्यावरून दोन दिवस धुसफूस झाली. "एवढा देखणा गडी, आणि एका तुऱ्यासाठी?" हे ह्यांचे म्हणणे. मी म्हटले, तुम्ही भरतीला कितीतरी देखणे गडी छातीच्या मापावरून परत पाठवलेत. त्यावर ते काही बोलले नाहीत. एसएसबीला जाऊन परत आलेली मुले तुमच्यात असतील, पुढेही असणार. परत आलेला मुलगा वाईट नसतो. त्या एका कामासाठी त्याला घेतलेले नसते, एवढेच. पहिलवान मारला नाही, विकला नाही. पैदाशीतून काढून अंगणाच्या कोपऱ्यात वेगळा ठेवला. ह्यांच्या भाषेत पेन्शनर.

त्याच्या दोन भावांचे काय, हा पुढचा प्रश्न होता. दिसायला दोघेही चोख. तेव्हा दोघांनाही काही दिवस एकेरी तुऱ्याच्या गावठी माद्यांबरोबर ठेवले. लपलेला दोष असेल तर अशा जोडीची साधारण निम्मी पिल्ले एकेरी तुऱ्याची निघतात. पहिल्याच्या आठ पिल्लांत तीन निघाली. तोही बाद. दुसऱ्याच्या नऊच्या नऊ मटारतुऱ्याची. दोष असूनही नऊदा तो लपून राहण्याची शक्यता ५१२ मध्ये १. हे गणित चिरंजीवांनी सुट्टीत करून दिले. तो दुसरा भाऊ ठेवला. ही जी संकराची पिल्ले झाली ती आसपासच्या घरांत अंड्यांसाठी दिली, असील म्हणून नव्हे, स्पष्ट 'मिश्र' असे सांगून. आणि खोटे कशाला बोलू, बाद ठरलेले काही नर आमच्या घरी रश्श्यातही गेले. दर वर्षी पन्नास-साठ पिल्ले काढून त्यातली सात-आठ पुढे ठेवायची म्हटल्यावर बाकीची कुठे जाणार, याचा विचार अंडी उबवायला ठेवण्याआधी करायचा असतो. ज्याला तो करवत नाही त्याने कोंबड्या पाळाव्यात, पैदास करू नये.

दुसरे गणित याहून महत्त्वाचे. इतका चोख नर मिळाला तर सगळ्या माद्यांना तोच का लावू नये? बहुतेक जण तेच करतात. एक नर आणि बारा माद्या म्हणजे अंगणात तेरा पक्षी दिसतात. पण आनुवंशिकतेच्या हिशोबाने ते तेरा नसतात. नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज, असे सूत्र आहे. ४८ भागिले १३, म्हणजे ३.७. तेरा पक्ष्यांचा कळप प्रत्यक्षात पावणेचार पक्ष्यांएवढा! त्याच बारा माद्यांना तीन नर ठेवले तर १४४ भागिले १५, म्हणजे ९.६. पहिल्या पद्धतीने रक्ताची जवळीक दर पिढीला साडेतेरा टक्क्यांनी वाढते, दुसऱ्या पद्धतीने पाच टक्क्यांच्या आसपास. काही पिढ्यांत अंडी फुकट जाऊ लागतात, पिल्ले अशक्त निघतात, आणि मग लोक म्हणतात जातच नाजूक आहे.

म्हणून आमची तीन घराणी आहेत. त्यांना अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी नावे कुणी दिली हे सांगायला नको. पायात लाल, पिवळी, निळी कडी. मुली आईच्या घराण्यात राहतात. मुलगे पुढच्या घराण्यात जातात, अल्फाचा ब्राव्होत, ब्राव्होचा चार्लीत, चार्लीचा अल्फात. सोयरीक जुळवताना आपल्याकडे कुळी पाहतात तसेच. असील मंद वाढतो, पूर्ण भरायला दीड-दोन वर्षे घेतो. त्यामुळे आठ वर्षांत माझ्या फार तर चार पिढ्या झाल्या आहेत. घाईच्या माणसाचे हे काम नाही.

गिऱ्हाइके येतात. एका पोंगलच्या आधी मोठ्या गाडीतून तिघे आले आणि डालग्याखालच्या ब्राव्होच्या नरासाठी पन्नास हजार देतो म्हणाले. ते घराचे चार महिन्यांचे भाडे झाले असते. मी विचारले, कशासाठी हवा? ते नुसते हसले. सुभेदारसाहेब परेडच्या आवाजात "जय हिंद" म्हणाले आणि त्यांनी फाटक लावून घेतले.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आले. कुंद्रत्तूरच्या जवळच चेंबरम्बाक्कमचा मोठा तलाव आहे. २०१५ च्या पुराची आठवण असल्याने पाऊस वाढला की इथली माणसे आधी त्या तलावाची बातमी विचारतात. ३ तारखेच्या रात्री आणि ४ ला दिवसभर जो पाऊस पडला तसा मी जन्मात पाहिला नव्हता. पहाटे अंगणात घोटाभर पाणी होते, अर्ध्या तासात गुडघाभर झाले. वीज नाही. एकूण एकतीस पक्षी, आणि गच्चीवर जायला एकच अरुंद जिना. नर एकत्र ठेवता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाला वेगळी टोपली हवी.

त्या अंधारात कुणाला आधी उचलायचे हे ठरवायला मला विचार करावा लागला नाही. वहीच्या शेवटच्या पानावर क्रम लिहून ठेवलेला होता. प्रत्येक घराण्यातला एक नर आणि दोन माद्या आधी. मग उरलेल्या प्रौढ माद्या. मग तलंगा. त्यात सगळ्यात सुंदर कोण, महाग कोण, लाडका कोण, असे काही नव्हते. ताता लुंगी खोचून जिन्याच्या पायरीवर उभे, मी खालून देते, ते वर देतात, वर सुभेदारसाहेब ताडपत्रीखाली टोपल्या मांडतात. अल्फा गेले. चार्ली गेले. ब्राव्होचे खुराडे अंगणाच्या उताराला होते. तिथला नर आणि एक मादी हाताला लागली, दुसरी मादी आणि पाच तलंगा नाही लागल्या. पाणी मांड्यांपर्यंत आले तेव्हा ह्यांनी मला वर ओढले. पहिलवान यादीत नव्हताच. सकाळी उजाडल्यावर तो कुंपणाच्या भिंतीवर बसलेला दिसला, नखशिखान्त भिजलेला, आणि त्या अवस्थेतही शेजारच्या कोंबड्याला आव्हान देत आरवत होता. हे त्याच्यासाठी पुन्हा पाण्यात उतरले. मी अडवले नाही.

ब्राव्हो घराणे एका नरावर आणि एका मादीवर आले होते. पण त्याच्या आदल्या वर्षीच ब्राव्होच्या तीन मुली आणि अल्फाचा एक नर आम्ही तिंडीवनमजवळ तातांच्या लेकीच्या शेतावर दिले होते. नवापूर पाहिलेल्या बाईने सगळे पक्षी एका अंगणात ठेवणे शक्यच नव्हते. तिथूनच त्यातल्या दोघी परत आणल्या आणि घराणे पुन्हा उभे राहिले. आज तिन्ही मिळून आमच्याकडे सत्तावीस आहेत, तिंडीवनमला नऊ. ताता आता जिना चढत नाहीत. मी पक्षी त्यांच्या खाटेपाशी नेते, ते डोळे मिटून हातात घेतात आणि बहुतेक वेळा नुसते "ठेव" किंवा "नको" म्हणतात.

माहेरी मी भावाच्या मागे लागले आहे. असीलला नाही, बुसराला. बुसराचा तुरा एकेरीच असतो. ज्या तुऱ्यापायी मी पहिलवानाला बाद केले, तोच तुरा तिथे नसेल तर पक्षी बाद. हे भावाला फोनवर समजावताना माझी पुरेवाट झाली. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला की पलीकडच्या पाड्यावर एका आजीकडे पांढऱ्या अंगाच्या, मानेवर काळी पिसे असलेल्या चार माद्या आहेत आणि एक नर आहे. फोटो पाठव म्हटले. फोटो आला. नर पळत असताना काढलेला, त्यात नुसती शेपटी आली आहे. दिवाळीला गेले की तुरा बघेन.